अदृश्य किरणांची रोजकीर्द

नोव्हेंबर महिन्याच्या ९, १० आणि ११ या तारखांना, मावळतीची वेळ जवळ येऊ लागली म्हणजे, कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळात शेकडो नजरा एका सोनेरी पट्ट्यावर खिळून राहतात. पश्चिमेच्या महाद्वारातून आत आलेला तो मावळत्या सूर्याचा किरण फरशीवरून पुढे सरकत सरकत पहिल्या दिवशी देवीच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी उरापर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचावा, मध्येच ढग किंवा धुळीचा पडदा आडवा येऊ नये, वाटेवरच्या एखाद्या उंच बांधकामाने त्याला अडवू नये, अशी सर्वांचीच मनोमन प्रार्थना असते. आणि हाच किरणोत्सवाचा योग पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी या दिवसांत येतो. किरणाची वाट पाहणारे, त्याच्या मार्गातील अडथळ्यांचा हिशेब ठेवणारे आणि तो कोठवर पोहोचला याची दरवर्षी नोंद करणारे असे हे गाव आहे. या गावात जन्मलेल्या आणि वाढलेल्या मला आता दुसऱ्या एका जातीच्या किरणांविषयी लिहावयाचे आहे. त्यांची वाट कोणी पाहत नाही, ते कोणास दिसत नाहीत, आणि ते माणसाच्या देहापर्यंत पोहोचू नयेत म्हणून काही माणसे आपले आयुष्य निमूटपणे वेचीत असतात.

किरणोत्सवाच्या पूर्वदिनीच, म्हणजे ८ नोव्हेंबरला, १८९५ साली, जर्मनीतील व्युर्ट्सबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना काळ्या कागदात गुंडाळलेल्या नळीतूनही बाहेर पडणाऱ्या एका अज्ञात प्रभेचा शोध लागला आणि तिला त्यांनी ‘क्ष’ हे अज्ञाताचेच नाव दिले. पुढच्याच वर्षी आंरी बेक्रेल यांना युरेनियमचे किरण सापडले. १८९८ मध्ये मेरी आणि पिएर क्युरी यांनी पोलोनियम आणि रेडियम ही मूलद्रव्ये जगापुढे ठेवली. या नव्या तेजाने मनुष्यजात हर्षभरित झाली, परंतु त्याची किंमत कळावयास काही वर्षे जावी लागली. कारण आपल्या पाचही ज्ञानेंद्रियांपैकी एकालाही या किरणांची चाहूल लागत नाही. विस्तवाचा चटका लागतो म्हणून हात मागे घेतला जातो; येथे हात मागे घ्यावा असे सांगणारी वेदना आठवड्यांनी, क्वचित वर्षांनी येते. एडिसनच्या कार्यशाळेतील क्लॅरेन्स डॅली हा सहायक १९०४ मध्ये त्यापायी दगावला. स्वतः मेरी क्युरी १९३४ मध्ये रक्तक्षयाच्या विकाराने गेल्या, आणि त्यांच्या टिपणवह्या आजही शिशाच्या पेट्यांत ठेवाव्या लागतात. १९३६ साली हांबुर्ग येथे एका रुग्णालयाच्या आवारात या किरणांच्या हुतात्म्यांचे स्मारक उभारले गेले, तेव्हाच त्यावर १६९ नावे कोरावी लागली. हे किरण देहापासून दूर ठेवणाऱ्या ज्या तंत्रज्ञाविषयी मी लिहीत आहे, त्याची सारी विद्या या नावांच्या पुण्याईवर उभी आहे.

कोल्हापूर शहराच्या आग्नेयेस माळावर शिवाजी विद्यापीठ वसले आहे. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी त्याचे उद्घाटन तत्कालीन राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले आणि डॉ. आप्पासाहेब पवार त्याचे पहिले कुलगुरू झाले. त्याच वर्षी भारताच्या संसदेने अणुऊर्जेचा कायदा संमत केला, आणि पुढे १५ नोव्हेंबर १९८३ रोजी त्याच कायद्यान्वये अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना झाली. किरणोत्सर्गी पदार्थ बाळगू पाहणाऱ्या प्रत्येक संस्थेस, ती अणुभट्टी असो वा महाविद्यालयाचे भौतिकशास्त्राचे दालन असो, आज या मंडळाच्या शिरस्त्याने चालावे लागते. विद्यापीठाच्या सामायिक उपकरण केंद्रात पदार्थांची स्फटिकरचना क्ष-किरणांनी तपासली जाते; कसबा बावड्याच्या बाजूस डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात वैद्यकीय भौतिकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण दिले जाते. रुग्णालयांतून कर्करोगावर किरणोपचार होतात. तात्पर्य, मुंबईच्या तुर्भ्यातील अणुसंशोधन केंद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या ऊसगुळाच्या मुलखातही अदृश्य किरणांशी नित्य व्यवहार आहे. आणि जेथे व्यवहार आहे तेथे हिशेबनीस हवा.

हा हिशेबनीस कोण? नियमांच्या भाषेत त्याच्या वरिष्ठास ‘विकिरण सुरक्षा अधिकारी’ म्हणतात. रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या आणि मंडळाने मान्य केलेल्या या व्यक्तीवर संस्थेतील सर्व किरणोत्सर्गी सामग्रीची जबाबदारी असते. परंतु प्रत्यक्ष फडके हाती घेऊन टेबले पुसणारा, मापकयंत्र घेऊन कोपरान् कोपरा धुंडाळणारा, कुलपांच्या किल्ल्या कमरेला बाळगणारा माणूस हा तंत्रज्ञ असतो. मोठ्या संशोधनसंस्थांतून या कामासाठी स्वतंत्र माणसे नेमलेली असतात. आपल्याकडील अनेक महाविद्यालयांतून मात्र हे काम एखाद्या प्रयोगशाळा-साहाय्यकाच्या इतर दहा कामांत अकरावे म्हणून येऊन बसते, आणि तो ते करतो.

असा एक माणूस मी जवळून पाहिला आहे. माझ्या विद्यार्थिदशेत आमच्या प्रयोगशाळेत जे मामा होते (आमच्याकडे प्रयोगशाळेतल्या सेवकास मामाच म्हणतात), त्यांच्या ताब्यात शिशाचे एक जड भांडे असे आणि त्यात प्लॅस्टिकमध्ये बसविलेल्या, रुपयाच्या नाण्याएवढ्या चार चकत्या असत. गायगर काउंटरच्या प्रयोगासाठी मामा त्या चिमट्याने काढून देत, वहीत वेळ घालून सही घेत आणि तास संपला की पुन्हा मोजून भांड्यात ठेवीत. एके दिवशी संध्याकाळी मोजदाद जुळेना. चाराच्या तीनच चकत्या भरल्या. आम्हांला घरी जाण्याची घाई, आमच्यातील एकजण म्हणाला, “मामा, एवढीशी तर चकती, उद्या सापडेल की.” मामा रागावले नाहीत. ते म्हणाले, “पोरा, चकती बारकी हाय, पर वहीत तिचं नाव हाय न्हवं? नाव हाय तवर ती माझ्या अंगावर हाय.” मग दार लावून घेऊन त्यांनी मापकयंत्र हाती घेतले आणि एकेक टेबल, एकेक स्टूल, एकेक दप्तर यांवरून ते इतक्या सावकाश फिरविले की मला त्या क्षणी ते देव्हाऱ्यापुढे आरती ओवाळीत आहेत असे वाटले. एका विद्यार्थ्याच्या प्रयोगवहीजवळ यंत्राची टकटक एकदम दाट झाली. घडी घातलेल्या आलेखाच्या कागदात ती चकती अडकून बसली होती. तिच्यातील किरणांची मात्रा इतकी क्षुल्लक होती की कोणास काही अपाय होण्याचा संभव नव्हता, हे मामांनाही ठाऊक होते. तरीही वहीत ‘चार जमा’ असे लिहिल्यावाचून त्यांनी दिवा मालविला नाही. पुढे या विषयावर जे जे वाचले आणि पाहिले, त्या सर्वांचे मर्म मला त्या सायंकाळीच कळून चुकले होते असे आज वाटते.

या कामाची पहिली खूण म्हणजे छातीवर लावलेला टी.एल.डी. बिल्ला. त्याच्या आत डिस्प्रोशियमचा अंश मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या टेफ्लॉनमध्ये घडविलेल्या तीन लहान चकत्या असतात. एकीवर धातूचे आवरण, दुसरीवर प्लॅस्टिकचे, तिसरी उघडी. किरण अंगावर पडले की त्यांची ऊर्जा या चकत्यांच्या स्फटिकांत अडकून राहते आणि महिनोन् महिने तशीच राहते. तीन महिन्यांनी बिल्ला तपासणीस जातो, तेथे उष्ण नायट्रोजन वायूच्या झोताने चकती तापविली जाते, आणि अडकलेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. तो प्रकाश मोजला की त्या माणसाने त्या तिमाहीत किती किरण झेलले याचा आकडा हाती येतो. येथे मला पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीचे स्मरण होते. १९४५-४६ साली डॉ. हसमुख सांकळिया आणि डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी तेथे उत्खनन करून सातवाहनकालीन नगराचे अवशेष उजेडात आणले. पुढील काळात पुरातत्त्वज्ञांना मृद्भांड्यांचे वय काढण्याची जी एक पद्धत गवसली, ती नेमकी याच तत्त्वावर चालते: कुंभाराच्या आव्यात भाजताना मातीच्या कणांतील पूर्वसंचित ऊर्जा निघून जाते, त्यानंतर भूमीतील मंद किरणोत्सर्ग शतकानुशतके त्या कणांत साचत राहतो, आणि खापर पुन्हा तापविले की ते आपले वय प्रकाशाने सांगते. तंत्रज्ञाच्या छातीवरील बिल्ला हे असे तीन महिन्यांचे खापर आहे. नियमाने व्यावसायिक कर्मचाऱ्यास पाच सलग वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (हे किरणमात्रेचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षी ३० मिलिसीव्हर्ट ही कमाल मर्यादा घातली आहे. सामान्य नागरिकास वर्षाला १ मिलिसीव्हर्ट. परंतु जाणता तंत्रज्ञ मर्यादेकडे पाहून काम करीत नाही. गेल्या तिमाहीपेक्षा आकडा यत्किंचित वाढला तरी ‘का?’ असा प्रश्न तो स्वतःस विचारतो.

बिल्ला झालेली गोष्ट सांगतो. होऊ घातलेली गोष्ट टाळण्यासाठी हातांचे काम लागते. जीवशास्त्राच्या ज्या प्रयोगशाळांतून फॉस्फरस-३२ सारखे उघडे द्रवरूप समस्थानिक वापरले जातात, तेथे टेबलावर शोषक कागद अंथरणे, काम कडा असलेल्या तबकातच करणे, हातमोजे बदलणे, आणि काम आटोपल्यावर टीपकागदाच्या लहान तुकड्यांनी टेबल, नळाची चावी, दाराची मूठ, शीतकपाटाचा कान असे एकेक ठिकाण पुसून ते तुकडे मोजणीयंत्रात घालणे, हा नित्याचा परिपाठ असतो. नळाची चावी आणि दाराची मूठ ही ठिकाणे मुद्दाम सांगितली. कारण सांडलेला थेंब टेबलावर असतो तेव्हा सर्वांना ठाऊक असतो, तो बोटांवरून मुठीवर गेला की कोणाचाच राहत नाही. या विद्येत भाबडी समजूत घातक ठरते. शिसे जितके जाड तितके बरे, असे कोणासही वाटेल. परंतु फॉस्फरस-३२ चे वेगवान बीटाकण शिशावर आदळले की त्यातून क्ष-किरण उपजतात, म्हणून त्याच्यापुढे आधी सेंटीमीटरभर जाडीचा स्वच्छ ॲक्रिलिकचा पडदाच धरावा लागतो. तसेच मापकयंत्र गप्प आहे म्हणून जागा शुद्ध आहे, असेही म्हणता येत नाही. कारण ट्रिटियमचे बीटाकण इतके दुबळे असतात की ते गायगर नळीच्या खिडकीतून आतच शिरत नाहीत, आणि त्यांच्या शोधासाठी पुसलेला कागद प्रस्फुरक द्रवात बुडवून वेगळ्या यंत्रात मोजावा लागतो. यंत्राच्या मौनाचा अर्थ कोणत्या समस्थानिकापुढे काय घ्यावा, हे ज्याला कळले तो तंत्रज्ञ.

क्ष-किरणांनी स्फटिकमापन करणारे यंत्र याहून वेगळ्या स्वभावाचे. ते बंद केले की किरण तत्क्षणी नाहीसे होतात. मागे काही उरत नाही, म्हणूनच त्याची भीती लवकर मोडते आणि धोका तेथेच असतो. त्या यंत्रातील झोत अरुंद परंतु अत्यंत तीव्र असतो, आणि नमुना नीट बसला की नाही हे पाहण्याच्या नादात संरक्षक दाराचे स्वयंचलित कुलूप कोणी चुकविले तर काही क्षणांत बोट कायमचे भाजू शकते. नव्या यंत्रांत दार उघडताच झोत बंद होतो. तो खरोखरच बंद होतो का, लाल दिवा पेटतो का, सांध्यांतून गळती आहे का, हे ठरल्या मुदतीने तपासून त्याखाली तारीखवार सही करणे हे तंत्रज्ञाचे काम. शोधनिबंधाच्या मुदतीने व्याकूळ झालेल्या संशोधकास ‘आज यंत्र मिळणार नाही’ असे सांगण्याचे धैर्यही त्याच्याच पदरी बांधलेले असते, आणि हुद्द्याने लहान असलेल्या माणसास ते किती जड जाते हे आपल्या संस्थांतून वावरलेल्या कोणासही सांगावयास नको.

परंतु या साऱ्यापेक्षा अवघड अशी गोष्ट काळ ही आहे. प्रत्येक किरणोत्सर्गी द्रव्याचे एक अर्धायुष्य असते. तेवढ्या अवधीत त्याचे तेज निम्मे होते. फॉस्फरस-३२ चे अर्धायुष्य १४.३ दिवस, म्हणून त्याचा कचरा तारीख लिहून कुलपात ठेवला की दहा अर्धायुष्यांनी, म्हणजे पाचएक महिन्यांत, त्याचे तेज हजारपटीने उतरते. त्याचा नाश करण्यास सबुरीवाचून दुसरे साधन लागत नाही. सीझियम-१३७ चे अर्धायुष्य ३० वर्षे, म्हणजे एका माणसाची संपूर्ण नोकरी. विद्यापीठ स्थापन झाले त्या १९६२ साली कोणी सीझियमचा उगम, म्हणजे किरण देणारा नग, विकत घेतला असता तर १९९२ मध्ये तो निम्मा आणि २०२२ मध्ये पाव उरला असता. अमेरिशियम-२४१ चे अर्धायुष्य ४३२ वर्षे. शिवजन्माच्या वेळी, १६३० मध्ये, ते कोणी जपून ठेवले असते तर आजही त्यातील निम्म्याहून अधिक शिल्लक असते. माणसे निवृत्त होतात, विभागांची नावे बदलतात, इमारती पाडून नव्या बांधल्या जातात. द्रव्य आपल्या गतीने क्षीण होत तेथेच राहते. अशा वेळी त्याच्यावर पहारा ठेवू शकते ती फक्त संस्थेची स्मृती, आणि संस्थेची स्मृती म्हणजे दफ्तर.

ते दफ्तर हरवले म्हणजे काय होते हे २०१० साली दिल्लीत दिसले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने १९६८ च्या सुमारास कॅनडातून कोबाल्ट-६० चे एक किरणनयंत्र आणले होते. १९८५ च्या सुमारास त्याचा वापर थांबला, वापरणारी पिढी निवृत्त झाली, आणि एका खोलीत ते यंत्र तसेच पडून राहिले. फेब्रुवारी २०१० मध्ये जुन्या सामानाच्या लिलावात ते भंगार म्हणून विकले गेले. मायापुरीच्या भंगारबाजारात शिशाचे कवच फोडून आतील कोबाल्ट उघडे पडले. एप्रिलमध्ये माणसे आजारी पडू लागली, त्वचा काळवंडली, केस गळले, आणि त्यांच्यापैकी एका कष्टकऱ्याचा अंत झाला. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचे. बेचाळीस वर्षांत ते आठ वेळा निम्मे होऊन मूळच्या अडीचशेव्या भागाएवढेच उरले होते, आणि तेवढेही एका जिवाला पुरले. ब्राझीलमधील गोयानिया येथे १९८७ साली सोडून दिलेल्या एका रुग्णालयातील सीझियमनेही असेच चार बळी घेतले होते, आणि एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली होती. मायापुरीचा विचार करताना मला पुनःपुन्हा वाटते की त्या यंत्राचे कवच शाबूत होते, त्यामागचे भौतिकशास्त्र निर्दोष होते. त्या विभागात ‘ही वस्तू काय आहे आणि ती कोणाच्या अंगावर आहे’ हे सांगणारी एक ओळ कोणाच्याही डोळ्यांपुढे उरली नव्हती. आमच्या मामांची वही तेथे असती तर लिलावाच्या यादीवर सही होण्यापूर्वी एक कुलूप आडवे आले असते.

भय ही या क्षेत्रातील दुसरी व्याधी, आणि तिच्यावर उपाय करणे हेही या तंत्रज्ञाच्याच वाट्याला येते. किरणोत्सर्ग हा शब्द ऐकताच हिरोशिमा आठवणाऱ्या पालकांस त्याला सांगावे लागते की मनुष्य जन्मतः किरणांतच वावरतो. जगभराच्या सरासरीने प्रत्येकास निसर्गाकडून वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात, आणि आपल्याच देहातील पोटॅशियमचे दर सेकंदाला चार हजारांच्या आसपास अणू विघटित होत असतात. केरळच्या किनाऱ्यावरील थोरियमयुक्त वाळूत हे प्रमाण पुष्कळ अधिक; आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात युरेनियम-थोरियमचा अंश अल्प असल्यामुळे भूमीकडून येणारे किरण येथे कमीच. हे सांगत असतानाच ज्या बाई रोज सकाळी प्रयोगशाळा झाडावयास येतात त्यांना पिवळ्या पाटीवरील तीन पात्यांचे चिन्ह ओळखावयास शिकविणे त्याला भाग असते. हे चिन्ह १९४६ साली बर्कली येथील विद्यापीठाच्याच प्रयोगशाळेत जन्मले, परंतु ज्याला ते शिकविलेले नाही त्याला ते फुलासारखे किंवा पंख्यासारखे भासते. म्हणूनच २००७ मध्ये कवटी आणि पळणारा माणूस असलेले नवे लाल चिन्ह अतितीव्र उगमांसाठी योजावे लागले. पाटी शुद्ध मराठीत, ठळक अक्षरांत असावी, आणि ती वाचता न येणाऱ्यास तोंडी समजावून द्यावी. कारण मायापुरीत कवच ज्यांनी फोडले त्यांना कोणी काहीच सांगितलेले नव्हते.

म्हणून आपल्या विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या चालकांपुढे एक नम्र मागणे ठेवावेसे वाटते. जेथे जेथे असा उगम वा असे यंत्र आहे तेथे या कामास स्वतंत्र माणूस, नियमित प्रशिक्षण आणि ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार द्यावा. प्रत्येक वस्तूची नोंद दरवर्षी प्रत्यक्ष मोजून ताडून पाहावी. ज्याचे काम संपले तो उगम अडगळीत न टाकता नियमाप्रमाणे पुरवठादाराकडे किंवा अणुऊर्जा विभागाच्या निर्देशित ठिकाणी परत पाठवावा. आणि माणूस निवृत्त होईल तेव्हा त्याच्या पाठीवर शाल पडण्यापूर्वी त्याच्या हातातील किल्ली दुसऱ्या हाती सहीनिशी पडलेली असावी.

मामांच्या निवृत्तीच्या दिवशी मी त्यांना भेटावयास गेलो होतो. सत्कार दुपारी व्हावयाचा होता. सकाळी ते नव्या साहाय्यकास घेऊन त्या शिशाच्या भांड्यापाशी बसले होते. एकेक चकती चिमट्याने उचलून त्यांनी तिचे नाव आणि खरेदीचे साल मोठ्याने वाचले, त्या तरुणाने वहीत खूण केली, आणि चारही झाल्यावर मामांनी वही त्याच्यापुढे सरकवली. तरुणाने सही करून खाली ‘मोजून घेतले’ असे लिहिले. मामांनी ते शब्द चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचले, आणि मगच कमरेची किल्ली सोडली.